विरचनेवरचे आक्षेप कसे तपासायचे : देरिदांचं एक पान आणि पांडवलेण्यातले दोन आदेश

तत्त्वज्ञानाच्या किंवा मराठी समीक्षेच्या विद्यार्थ्याला विरचना (डीकन्स्ट्रक्शन), म्हणजे मजकुरानं गृहीत धरलेल्या उतरंडी त्याच मजकुरात कशा डळमळतात ते दाखवणारं वाचन, मांडणारे फ्रेंच तत्त्वज्ञ जाक देरिदा बहुतेक वेळा आधी विरोधकांच्या तोंडून भेटतात. नेट-सेटच्या नोट्समध्ये एक ओळ असते : विरचनावादानुसार संहितेबाहेर काहीच नाही, म्हणून अर्थ अनिश्चित आणि सत्य सापेक्ष. पुढे जग विचारापासून स्वतंत्र आहे असं मानणाऱ्या नव्या वास्तववाद्यांचं लेखन हाती घेतलं की तिथेही हीच ओळ दिसते, फक्त खोडून काढण्यासाठी ठेवलेली. भाषेपेक्षा पदार्थाला महत्त्व देणाऱ्या नवभौतिकवाद्यांकडे गेलं तरी तेच. तीन-चार पिढ्यांचे विचारवंत एकाच वाक्याशी भांडत आलेत आणि ते वाक्य ज्या पानावर आहे ते पान वाचणारे थोडे.

नाशिकमध्ये आमचा एक छोटा वाचनगट आहे. 'विरचना असं म्हणते' असा दावा समोर आला की तो तपासायचा कसा, याची एक पद्धत आम्ही हळूहळू बसवली. ती इथे मांडली आहे. देरिदांचा बचाव करणं हा तिचा हेतू नाही, कारण काही आक्षेप त्यांना खरोखर लागू पडतात. पण जे त्यांनी म्हटलंच नाही त्याचं खंडन करण्यात वर्षं घालवली, तर जे म्हटलं त्याची परीक्षा राहूनच जाते. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतलं मोठं नुकसान हे आहे.

आधी हाताशी काय हवं

१९६७ साली देरिदांची तीन पुस्तकं निघाली. त्यांतलं 'ऑफ ग्रामाटॉलॉजी' हवं. गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा इंग्रजी अनुवाद १९७६चा आहे. सगळं पुस्तक नको, अठराव्या शतकातल्या विचारवंत रूसोवरच्या भागातलं पद्धतीविषयीचं छोटं प्रकरण पुरे. दुसरं 'लिमिटेड इंक'. त्याच्या १९८८च्या आवृत्तीतला शेवटचा लेख महत्त्वाचा. तिसरी गोष्ट, ज्याचा आक्षेप तपासायचा आहे त्याचा मूळ लेख. सारांश चालणार नाही.

चौथी गोष्ट खास नाशिककरांसाठी : सरावाला एक स्थानिक संहिता. आम्ही नाशिकच्या पांडवलेण्यातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातले सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे कोरीव आदेश घेतले. वा. वि. मिराशींच्या सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरच्या ग्रंथात कोरीव लेखांची वाचनं मिळतात, शिवाय सेनार यांचं वाचन 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात आहे. सावानात (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) बसून टिपण काढा आणि मग एका सकाळी लेण्यांवर जाऊन या. अक्षरं कुठे, कोणत्या भिंतीवर, कोणाच्या शेजारी कोरली आहेत, हे डोळ्यांनी पाहिल्यावर पुढचे मुद्दे लवकर कळतात.

पायरी पहिली : दावा नेमका कोणता?

'विरचना वास्तव नाकारते' या एका वाक्यात पाच वेगळे आरोप लपलेले असू शकतात. शब्दांपलीकडे जगच नाही, असा एक. कोणत्याही मजकुराचा काहीही अर्थ काढता येतो, हा दुसरा. लिहिणाऱ्याच्या हेतूला किंमत नाही, हा तिसरा. लेखन बोलण्यापेक्षा श्रेष्ठ, हा चौथा. आणि सगळा विचार माणसाच्या भाषेत अडकला आहे, हा पाचवा. समोरचा लेखक यांतला कोणता आरोप करतो आहे, ते वहीच्या डोक्यावर एका वाक्यात लिहा. अनेकदा लेखाच्या सुरुवातीला पहिला आरोप असतो, पुरावा दुसऱ्याचा दिलेला असतो आणि निष्कर्ष पाचव्याचा निघतो. हे दिसलं तरी निम्मं काम झालं.

पायरी दुसरी : पान १५८ पूर्ण वाचा

'ऑफ ग्रामाटॉलॉजी'च्या १९७६च्या इंग्रजी आवृत्तीत 'संहितेबाहेर काही नाही' हे प्रसिद्ध वाक्य १५८व्या पानावर आहे. आसपासच्या चार-पाच पानांसह ते सलग वाचा.

प्रश्न वाचनाच्या पद्धतीचा चालला आहे. रूसोचं लेखन वाचताना 'हे सगळं त्याच्या आयुष्यात घडलं म्हणून त्यानं असं लिहिलं' असं म्हणून चरित्राकडे उडी मारावी का, हा. देरिदांचं म्हणणं असं की ती उडी आपल्याला वाटते तशी संहितेच्या पार नेऊन सोडत नाही. आई, आश्रय देणारी मादाम द वारान्स, जोडीदारीण तेरेज या रूसोच्या आयुष्यातल्या हाडामांसाच्या व्यक्तीसुद्धा त्याच्यापाशी एकमेकींच्या जागी येणाऱ्या, कशाची तरी उणीव भरणाऱ्या म्हणूनच येतात. आयुष्यालाही खुणांची, बदलीची, पूरकाची तीच घडण आहे. म्हणून त्या फ्रेंच वाक्याचा रोख 'संहितेपलीकडे काही अस्तित्वात नाही' असा नाही. 'संहितेपासून पूर्ण सुटा, कोणत्याच संदर्भात न गुंतलेला असा बाहेरचा मुक्काम मिळत नाही' असा आहे. स्पिवाक यांनी इंग्रजी वाक्यासोबत कंसात दुसरा पर्याय आणि मूळ फ्रेंचही दिलं होतं. उद्धृत करणाऱ्यांनी बहुधा कंस गाळला.

१९८८च्या लेखात देरिदांनी हे आणखी उघड करून सांगितलं : त्या वाक्याचा अर्थ 'संदर्भाबाहेर काही नाही' एवढाच आहे. त्याआधी १९८१ साली रिचर्ड कर्नी यांच्याशी बोलतानाही, विरचना म्हणजे संदर्भवस्तू (शब्द ज्याकडे बोट दाखवतो ती गोष्ट) रद्द करणं हा समज साफ खोटा आहे, असं ते म्हणाले होते.

माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याच पानावर देरिदा सांगतात की भाषेची, इतिहासाची, परंपरागत टीकेची सगळी साधनं वापरून आधी मजकूर नेमका काय म्हणतो ते नीट मांडलं पाहिजे. तसं केलं नाही तर वाचन कुठेही भरकटेल आणि वाटेल ते म्हणायला मोकळं होईल. या शिस्तीला ते कठडा म्हणतात. कठड्यानं संरक्षण होतं, पण नुसत्या कठड्यानं वाचन उघडत नाही, ही त्यांची पुढची बाजू. म्हणजे 'काहीही अर्थ काढा' हा परवाना ज्या वाक्यात शोधला जातो, त्याच्या शेजारीच त्या परवान्याला मनाई आहे. दुसऱ्या आरोपाचं उत्तर इथेच मिळतं, पुढे जायची गरज नाही.

पायरी तिसरी : दावा एका खऱ्या संहितेवर चालवून बघा

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

तिसऱ्या लेण्याच्या व्हरांड्यात गौतमीपुत्राचे दोन आदेश आहेत. पहिला त्याच्या राज्यवर्ष १८चा. गोवर्धनच्या अमात्याला (राजाच्या अधिकाऱ्याला), विष्णुपालिताला उद्देशून तो सांगतो की पश्चिम कखडी गावातलं, आजवर उषभदाताकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत इथल्या भिक्षूंना दिलं आहे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलती दिल्या आहेत. शेवटी नोंद येते की आज्ञा तोंडी दिली आणि अमात्य शिवगुप्तानं ती लिहिली. दुसरा आदेश वर्ष २४चा, त्यात राजमाताही सहभागी आहे. तो सांगतो : पूर्वी दिलेलं शेत कसलं जात नाही, ते गावही वसलेलं नाही, म्हणून आता नगराच्या सीमेवरच्या राजकीय जमिनीतली शंभर निवर्तनं देतो. गोवर्धन हे गाव आजही गंगापूरच्या वाटेवर आहे.

आता आरोप एकेक करून लावा.

'शब्दांपलीकडे जग नाही' असं विरचना म्हणत असेल, तर दुसऱ्या आदेशाचं काय करायचं? शेत पडीक राहिलं म्हणूनच तो निघाला. जमिनीनं संहिता बदलायला लावली. देरिदांच्या चौकटीत याला अडचण येत नाही. पडीक शेत राजापर्यंत पोचलं ते कुणाच्या तरी कळवण्यातून. ते 'दोनशे निवर्तनं' झालं मोजणीतून, 'उषभदाताचं' झालं आधीच्या नोंदीतून. शेत शब्दांचं बनलेलं नाही. पण मोजणी, मालकी, सीमा, कर यांच्या जाळ्यातून पूर्ण सुटलेलं निव्वळ शेत त्या व्यवहारात कधी आलंच नाही. ज्यांनी सातबाऱ्यावरची नोंद दुरुस्त करायला तलाठी कार्यालयात खेपा घातल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

'हेतूला किंमत नाही' हा आरोप घ्या. राजाचा हेतू स्पष्ट आहे, भिक्षूंची सोय. तो ओळखल्याशिवाय लेख वाचताच येत नाही. पण राजा, अमात्य, लेखनिक, भिक्षू, सगळे गेले आणि लेख तरीही वाचता येतो, आणि आपण तो दान म्हणून वाचत नाही, इतिहासाचा पुरावा म्हणून वाचतो. हेतूला जागा राहते, पण त्या जागेवरून तो लेखाचं सगळं भवितव्य चालवू शकत नाही. देरिदांनी १९७१ साली माँट्रियलच्या भाषणात जवळजवळ याच शब्दांत हे म्हटलं होतं.

'लेखन श्रेष्ठ' हा चौथा. इथे आज्ञा आधी तोंडी आहे आणि लेखन तिची नक्कल म्हणून येतं, ही नेहमीची उतरंड. पण तोंडी आज्ञासुद्धा आज्ञा ठरते, कारण ती राजाच्या तोंडून सुटून दुसऱ्याच्या तोंडी, दुसऱ्याच्या हाती जशीच्या तशी जाऊ शकते. लेखनाचं म्हणून जे वैगुण्य मानलं जातं, बोलणारा हजर नसताना चालणं, ते बोलण्यातच आहे. विरचनेचा मुद्दा इथे आहे. पारडी उलटी केली आणि लेखनाला गादीवर बसवलं, की विरचना संपली.

याच लेखांत विरचनात्मक वाचन स्वतः कसं होतं, तेही बघता येतं. राजपुरुषांनी शिरू नये, हे सांगायला राजपुरुषच लागतात. राज्याच्या पकडीतून सोडवलेली जमीन राज्याच्याच शब्दानं सुटते, आणि पुढे पडीक पडली की राज्यालाच पुन्हा बोलावं लागतं. पूर्ण म्हणून दिलेल्या दानाला सहा वर्षांनी पूरक जोडावं लागलं, म्हणजे पूर्णतेत ती जागा आधीच होती. आणखी एक गोष्ट. याच लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे, त्यात तिच्या मुलानं क्षहरातांचा (सातवाहनांशी लढणाऱ्या क्षत्रप घराण्याचा) वंश निरवशेष केला असं म्हटलं आहे. पण त्याच व्हरांड्यातल्या आदेशात शेताची ओळख म्हणून उषभदाताचं नाव टिकून आहे, आणि बहुतेक अभ्यासक त्याला क्षहरात नहपानाचा जावई उषवदात मानतात. निरवशेष केल्याचा दावा आणि अवशेष, दोन्ही एकाच व्हरांड्यात. हे वाचन मी ओढूनताणून केलेलं नाही, दगडावर आहे. प्राकृत येत नसेल, निवर्तन म्हणजे काय माहीत नसेल, क्षहरात-सातवाहन संघर्ष ठाऊक नसेल, तर मात्र ते करता येणार नाही. कठडा तो हाच.

पायरी चौथी : आक्षेप घेणाऱ्याचा माग काढा

आता तपासायच्या लेखकाकडे वळा. त्यानं देरिदांचं कोणतं पान वाचलं आहे? तळटीपा मोजा. मागच्या भांडणांतून यासाठी बरंच शिकता येतं.

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी १९७२ साली, वेडेपणाच्या इतिहासावरच्या आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला जोडलेल्या उत्तरात, संहितेबाहेर काही नाही असं शिकवणारी ही मास्तरकी आहे, असा प्रहार केला. त्या लेखातलं देकार्तचं वाचन बारकाईचं आहे, तो जरूर वाचा. पुढच्यांनी मात्र त्यातलं बारीक वाचन सोडलं आणि शेवटचा टोला उचलला.

अमेरिकी भाषातत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९७७ साली देरिदांच्या माँट्रियलच्या भाषणाला उत्तर दिलं. देरिदांनी त्याच वर्षी लांबलचक प्रत्युत्तर लिहिलं. १९८८ साली पुस्तक निघालं तेव्हा सर्ल यांनी आपला लेख छापायला परवानगी दिली नाही, म्हणून पुस्तकात त्याचा सारांश आहे. सर्ल तपासायचे असतील तर त्या सारांशावर विसंबू नका, १९७७चा मूळ लेख मिळवा. देरिदांची बाजू घेणाऱ्यांनाही हा नियम तेवढाच लागू आहे.

जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास यांचं प्रकरण सर्वांत बोधक आहे. १९८५च्या ग्रंथात त्यांनी देरिदांवर तत्त्वज्ञान आणि साहित्य यांतली सीमा पुसल्याचा आरोप केला. त्या प्रकरणात आधार आहे मुख्यतः विरचनेवर लिहिणारे अमेरिकी समीक्षक जोनाथन कलर यांच्या मांडणीचा. देरिदांनी नेमकी हीच तक्रार केली की माझं एकही वाक्य न देता माझ्यावर निकाल दिला. हाबरमास यांच्या तोलाचा माणूस असं करू शकतो, तर नोट्स लिहिणाऱ्याकडून काय अपेक्षा ठेवणार? पुढे २००३ साली इराक युद्धानंतर युरोपविषयी दोघांनी मिळून निवेदन काढलं, ही त्या नात्याची चांगली बाजू.

राजकारणाचा आरोप वेगळा ठेवा. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावरच्या देरिदांच्या लेखाला अ‍ॅन मॅक्लिंटॉक आणि रॉब निक्सन यांनी १९८६ साली उत्तर दिलं : 'अपार्टहाइट' (वर्णभेद) या एका शब्दावर लक्ष देताना दक्षिण आफ्रिकेचा प्रत्यक्ष इतिहास निसटतो. देरिदांचं उत्तर असं होतं की माझी 'संहिता' पुस्तकात मावत नाही, तिच्यात सत्ता, संस्था, शक्तींचा संघर्ष सगळं येतं. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह डोळ्यांसमोर आणा. तिथला बंद दरवाजा हा रूढी, धर्मग्रंथ, पंचांचे अधिकार, सरकारी हुकूम आणि दारासमोर उभी माणसं यांनी मिळून झालेला होता. त्यातला 'मजकूर' कुठे संपतो आणि 'वास्तव' कुठे सुरू होतं, अशी रेघ काढून दाखवा. तरीही मॅक्लिंटॉक-निक्सन यांचा मुद्दा मला पूर्ण निकाली निघालेला वाटत नाही. संहितेत सगळं येतं असं म्हणणं आणि त्या सगळ्याचा तपशील खरोखर मांडणं, यांत अंतर आहे.

नवभौतिकवादाकडे येऊ. कॅरन बराड यांच्या २००३च्या गाजलेल्या लेखाची सुरुवातच, भाषेला फार सत्ता दिली गेली, अशी आहे. हा रोख विरचनेवर धरला जातो. पण त्याच बराड २०१०च्या लेखात देरिदांच्या भुताटकीच्या कल्पनेशी भौतिकशास्त्र जोडून दाखवतात. व्हिकी कर्बी तर त्या प्रसिद्ध वाक्यात संहितेच्या जागी निसर्ग ठेवून ते वाचतात. याला आधार मुळातच आहे. १९६७च्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच जीवशास्त्रज्ञ पेशीतल्या प्रक्रियांना लेखन आणि प्रोग्राम म्हणतात, याची नोंद आहे. १९७५-७६च्या व्याख्यानमालेत देरिदांनी जीवशास्त्रज्ञ फ्रांस्वा जाकोब यांच्या आनुवंशिकतेवरच्या ग्रंथाचं सविस्तर वाचन केलं, ती फ्रेंचमध्ये २०१९ साली छापली गेली. म्हणून या विषयावरचा २०१९ आधीचा आक्षेप वाचताना तारीख जरूर बघा. लेखकाला ते साहित्य उपलब्धच नव्हतं.

'सत्योत्तर' राजकारणाचं खापर विरचनेवर फोडणाऱ्यांसाठी वेळ घालवू नका. सत्याचं मूल्य मी नाकारत नाही, ते अधिक व्यापक संदर्भांत पुन्हा बसवतो, असं देरिदांनी १९८८च्या त्याच लेखात लिहिलं आहे.

पायरी पाचवी : आक्षेप उरतो का ते बघा

इथे बहुतेक देरिदाप्रेमी थांबतात. थांबू नका. गैरसमज वजा केल्यावर जे उरतं, तो खरा आक्षेप.

फ्रेंच तत्त्वज्ञ क्वांतँ मेयासू यांच्या २००६च्या पुस्तकापासून आणि लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये एप्रिल २००७ला झालेल्या चर्चेपासून जो नवा वास्तववाद पुढे आला, त्याचा मुख्य आरोप असा : कांटनंतरचं तत्त्वज्ञान विचार आणि वस्तू यांच्या परस्परसंबंधाबाहेर जातच नाही, म्हणून माणसाआधीच्या जगाबद्दल विज्ञान जे सांगतं ते त्याला शब्दशः घेता येत नाही. विरचना या गठ्ठ्यात सहज टाकली जाते. मेयासू यांच्या पुस्तकात मात्र देरिदांच्या ग्रंथांचं सविस्तर वाचन नाही. आणि देरिदांची 'खूण' ही कुणाच्या जाणिवेतली गोष्ट नाही. जाणीव हजर असण्याआधीच काळ आणि अवकाश एकमेकांत कसे गुंततात, त्याचं ते नाव आहे. मार्टिन हेग्लुंड यांनी २००८च्या पुस्तकात हा धागा ताणून धरला.

पण याच नव्या वास्तववादातले अमेरिकी तत्त्वज्ञ ग्रॅहम हार्मन यांचा आक्षेप जास्त टोकदार आहे. वस्तूचं स्वतःशी एक असणं आणि वस्तूचं कुणापुढे हजर असणं या दोन गोष्टी देरिदा एकच धरतात, असं ते म्हणतात. हजेरीवर टीका केली म्हणून वस्तूचं स्वत्व जात नाही. हा आक्षेप १५८वं पान वाचूनही उरतो. पांडवलेण्यातल्या शेतावर लावून बघा : उषभदाताची नोंद, मोजणी, दान, सगळं काढून घेतलं तर त्या मातीला स्वतःचं असं काही आहे की नाही? 'त्या व्यवहारात ती माती कधी तशी आलीच नाही' हे उत्तर हार्मनना पुरणार नाही, कारण ते व्यवहाराबद्दल विचारतच नाहीत. देरिदांनी निर्जीव वस्तूंबद्दल फार थोडं लिहिलं आहे, त्यामुळे इथे त्यांच्या बाजूनं बोलणाऱ्याला युक्तिवाद स्वतः उभा करावा लागतो. मला ही सध्याची सर्वांत चांगली लढत वाटते, आणि गैरसमजांच्या गर्दीत ती क्वचितच होते.

पायरी सहावी : टिपण

प्रत्येक तपासणीचं अर्ध्या पानाचं टिपण लिहा. त्यात चार गोष्टी असाव्यात : आरोप पाचांपैकी कोणता, देरिदांचं कोणतं पान उद्धृत केलं किंवा केलं नाही, सरावाच्या संहितेवर काय झालं, आणि काय उरलं. नमुन्यासाठी हाबरमासवरचं आमचं टिपण देतो.

'आरोप पाचांत थेट बसत नाही, तत्त्वज्ञान साहित्यात विरघळवण्याचा आहे, दुसऱ्याच्या जवळचा. त्या प्रकरणात देरिदांचं थेट उद्धरण नाही, आधार कलर. शिलालेखावर : सरकारी आदेश, दानलेख आणि बलश्रीची प्रशस्ती हे वेगळे प्रकार आहेत, विरचनात्मक वाचनातही वेगळेच राहतात, मात्र आदेशात प्रशस्तीची भाषा शिरते का, हे विचारता येतं. उरतं ते असं : वादात कारणं देऊन पटवण्याला देरिदांच्या मांडणीत नेमकं कोणतं स्थान आहे? १९८८च्या लेखातून याचं उत्तर काढायचं, पुढच्या बैठकीत.'